केनेथ ओल्डरॉइडच्या भिंतीला पोट आलं

मे महिन्यातल्या एका सकाळी डॉरीनच्या हातातली केसाची पिन खाली पडली आणि काही केल्या सापडेना. खाली साधी लाकडी फळ्यांची जमीन, वर सतरंजीसुद्धा नाही. पिन जाणार कुठं? केनेथ गुडघे टेकून पलंगाखाली वाकला आणि त्याला दिसलं, की फळ्या जिथं भिंतीत शिरायच्या तिथं आता त्या शिरत नव्हत्या. मधे फट पडली होती. करंगळी जाईल एवढी.

"सापडली का?" डॉरीननं आरशातूनच विचारलं.

"नाही."

"मग एवढा वेळ काय पूजा मांडलीयस तिथं?"

"लाकूड आकसलंय," केनेथ म्हणाला. "थंडी जास्त पडली ना यंदा."

लाकूड काही आकसलेलं नव्हतं. दोनशे वर्षं जागची न हललेली भिंत बाहेर निघाली होती. केनेथला ते तेव्हाच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि बायकोला सांगणं वेगळं. त्यानं जुनं वर्तमानपत्र फाडून त्याच्या घड्या केल्या, फटीत ठासल्या, वरून पांढरा रंग मारला, आणि चहा करायला खाली गेला.

ला व्हेर्नाद म्हणजे फ्रान्सच्या क्रूझ भागातल्या एका उतारावरची वस्ती. एकूण अकरा घरं, त्यातली सात उघडी, चार कुलपातली. फ्रँक जाऊन युरो आले त्याच्या पुढच्या वर्षी केनेथ आणि डॉरीन इथं राहायला आले. केनेथनं चौतीस वर्षं हडर्सफील्डच्या बस आगारात काढली होती. तपासनीस होता. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा सुटली, हे लिहायचं आणि ड्रायव्हरला जाब विचारायचा, हे त्याचं काम. निवृत्त झाला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला घड्याळ दिलं नाही, कारण त्याच्याकडं तीन होती. मला एक बाग दे म्हणून डॉरीन पंचवीस वर्षं त्याच्या मागं लागली होती. हडर्सफील्डच्या त्यांच्या घरामागं कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण होतं आणि त्यातही शेजाऱ्याच्या मांजराचा वाटा. ते घर विकलं तेव्हा ला व्हेर्नादला अख्खं दगडी घर, धान्याचं कोठार आणि दीड एकराचा उतार मिळाला. मागं जायला दार ठेवलं नव्हतं. हेच एक छप्पर.

घर चांगलं होतं. ग्रॅनाइटच्या भिंती, दीड हात जाड. पण दगडांच्या मधे चुना नाही, सिमेंट नाही, नुसती पिवळसर माती. इथल्या लोकांनी हाताला येईल ती माती कालवून दगडावर दगड ठेवले होते. पाया म्हणाल तर जमिनीत हातभर खाली मोठे धोंडे टाकलेले, संपलं. वरून पाऊस पडला की भिंत थोडं पाणी प्यायची, ऊन पडलं की टाकून द्यायची. सांध्यांतून माती गळायची, मुंग्या राहायच्या, पश्चिमेच्या भिंतीत एका पाखरानं घर केलेलं.

हडर्सफील्डच्या माणसाला हे कसं चालावं? भिंतीतून माती गळते म्हणजे घर घाणेरडं. पहिल्याच उन्हाळ्यात केनेथनं शिडी लावली. स्क्रू ड्रायव्हरनं सांध्यांतली माती उकरायची, पाण्यानं धुवायची, आणि मोकळे सांधे सिमेंटनं भरून वरून पिळदार रेघ काढायची. कुठून पाहून आला होता कोण जाणे, पण हात सुबक होता. रोज सकाळी साडेआठला शिडीवर, साडेबाराला खाली, दोनला परत वर. पश्चिमेची ती एक भिंत चार उन्हाळे चालली. चौथ्या उन्हाळ्याअखेर ती अशी दिसू लागली, की जसा कुणी दगडांचा स्वेटर विणलाय.

समोरच्या घरातली ओदिल तिक्सिये रोज तिच्या बाकड्यावर बसून हे बघायची. म्हातारी सत्त्याहत्तरची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. कोंबड्या, लीक या जाड कांदापातीचे वाफे आणि समोरच्या रस्त्यावरून जाणारं येणारं सगळं तिचं. केनेथ शिडीवरून उतरला की ती म्हणायची, "स्वच्छ झालंय हं, मुस्यो केनेत. लई स्वच्छ."

केनेथचा जीव सुखावायचा. तो डॉरीनला सांगायचा, "ही माणसं बोलत नाहीत फार. पण कामाची कदर आहे त्यांना."

भिंत झाली, मग भिंतीच्या पायथ्याशी वाफा. इंग्रज माणसाला घराच्या भिंतीला लागून फुलं नसली तर घर नागडं वाटतं. डॉरीननं बागकामाचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, त्यात म्हटलं होतं की बारमाही फुलझाडांसाठी दोन फावडी खोल खणावं आणि तळाशी कुजलेलं शेणखत घालावं. केनेथनं पुस्तकाचं ऐकलं. अकरा मीटर लांब, दोन फावडी खोल. खणताना खालचे मोठे धोंडे उघडे पडले, तर त्यातले दोन त्यानं पहारीनं उपसूनसुद्धा काढले, कारण गुलाबाच्या मुळांच्या आड येत होते. मग गुलाब लावले, डेल्फिनियम लावले, गुलखैरा लावला. रोज संध्याकाळी सहा ते पावणेसात पाइपानं पाणी. चार वर्षं पाणी.

आणि बाग आली बरं का. खोटं कशाला बोला. जूनमधे ती भिंत बघायला पलीकडच्या गावातले इंग्रज गाड्या घेऊन यायचे. डॉरीन त्यांना चहा द्यायची, गुलाबांची नावं सांगायची, आणि त्या दिवशी तिचा गुडघा दुखायचा नाही.

तर ती पिन. जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या घड्या फटीतून खाली गळून पडल्या. आता दोन बोटं जात होती. केनेथनं बाहेरून ओळंबा सोडला. वरच्या दगडाशी धरलेली दोरी मधल्या दगडांवर टेकली आणि खालच्या दगडाला काही टेकेना, कारण मधल्या दगडांनी तिला बाहेर ढकललं होतं. त्यानं मागं जाऊन पाहिलं. सगळं सुंदर विणकाम जागच्या जागी होतं, एक रेघ तुटलेली नव्हती, आणि भिंतीला पोट आलं होतं. सहाव्या महिन्यातल्या बाईसारखं.

तो रस्ता ओलांडून ओदिलकडं गेला. त्याची फ्रेंच भाषा आठ वर्षांनीही लंगडत चालायची.

"मादाम तिक्सिये. भिंत... माझी भिंत, आजारी."

"व्हय," ओदिल शेंगा सोलत म्हणाली.

"तुम्ही पाहिलं?"

"मी न्हाई बघायचं तर कोन? डोळ्यासमोर हाय की. दोन वर्सं झाली, फुगतीय."

केनेथ उभाच राहिला. "दोन वर्षं? मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

"पण तुम्ही म्हणायचा, स्वच्छ आहे. लई स्वच्छ."

"स्वच्छच हाय. मी खोटं बोलले व्हय?" म्हातारीनं एक शेंग कोंबडीकडं फेकली. "बुडाला भोक पडलेलं पातेलं घासलं, तर ते बी स्वच्छच दिसतं. दुसऱ्याच्या भिंतीला हात लावायची रीत न्हाई आमच्यात. तुमी मोठ्या हौसेनं शिमिट भरताय, आन म्या म्हाताऱ्या बाईनं म्हनावं का, मुस्यो, हे काय लावलंय? भिंतीचं त्वांड शिवताय तुमी, तिनं श्वास कुठनं घ्यावा? वरनं बुडाला रोज पानी. आत मातीचं पिठलं झालं आसंल."

"आता काय करायचं?"

"मला काय म्हाईत? म्या काय गवंडी हाय? रेमोंला सांगाय पायजे."

रेमों ओकूत्युरिये हा त्या भागातला मातीचं बांधकाम कळणारा शेवटचा गवंडी. वय एकाहत्तर. त्याच्याकडं फोन होता, पण तो घरात वाजायचा आणि रेमों घरात नसायचा. त्याला निरोप द्यायचा तो पावाच्या गाडीवर. गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. ओदिलनं पाववाल्या बाईला सांगितलं, पाववालीनं रेमोंच्या बहिणीला, बहिणीनं रेमोंला. उलटा निरोप त्याच वाटेनं आला: येतो म्हणाला.

"येतो म्हणजे कधी?" केनेथनं विचारलं.

"येतो म्हंजी यील," ओदिल म्हणाली. "न येनारा मानूस येतो कशाला म्हनंल?"

चौतीस वर्षं तीन मिनिटांचा हिशोब मागणारा माणूस घराच्या पायरीवर बसून राहिला. पहिल्या सोमवारी त्यानं सकाळी आठला कॉफी केली, ती दहाला ओतून दिली. दुसऱ्या सोमवारीही. तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, साडेअकरा वाजता, केनेथ संडासात असताना रेमों आला.

बुटका, रुंद माणूस. खिशात एक लहान हातोडी, बाकी काही नाही. त्यानं कुणाला नमस्कार केला नाही, आधी भिंतीला केला म्हणायचं. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक हातभर अंतरावर तो हातोडी टेकवायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. टण. टण. टण. मधे पोहोचला तसा आवाज बदलला. बद्द. बद्द. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. तिथं तो थांबला, मग वाफ्यात उतरला, बुटाच्या टाचेनं माती दाबून बघितली, आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"ह्ये कुनी खनलं?"

"मी," केनेथ म्हणाला.

"कशाला?"

केनेथनं गुलाबांकडं बोट केलं.

रेमोंनं गुलाबांकडं बघितलं, मग डॉरीनकडं, मग परत भिंतीकडं. "आन हितलं धोंडं?"

"दोन काढले."

"दोन काढलं," रेमों ओदिलला म्हणाला, जसं काही केनेथ तिथं नव्हताच. "ऐकलंस का ओदिल? पायातलं दोन दात उपटलं मुस्योनं."

"आरं हळू बोल, त्याला समजतंय," ओदिल म्हणाली.

"समजू दे की. समजाया आठ वर्सं उशीर झालाय."

मग सगळे आत बसले. रेमोंनं बडीशेपेची दारू थोडं पाणी घालून घेतली आणि काय करायचं ते सांगितलं. वाफा आजच्या आज मोकळा करायचा, पाणी बंद. खड्डा खडकाळ मातीनं भरायचा, ठोकत ठोकत. सिमेंट काढायचं, सगळं, वरून खाली, छिन्नी आडवी धरून, हळू, की दगडाला कळता कामा नये. खिडकीच्या चौकटीपर्यंत यायचं आणि थांबायचं. खाली हात लावायचा नाही. तिथून पुढं तो येईल, टेकू देईल, पोटातले दगड एक एक काढून परत मातीत बसवील.

"कधी?" केनेथनं विचारलं. त्याला विचारल्याशिवाय राहवेना.

रेमोंनं पेला संपवला. "गवत कापून झालं की. मंग बघू."

"बघू म्हणजे नक्की तारीख..."

"मुस्यो, माझं एक काम न्हाई. भिंत काय एस्टी हाय व्हय?" असं काहीतरी तो म्हणाला, त्याच्या भाषेत, आणि ओदिल इतकी हसली की तिला ठसका लागला. बस आगाराची गोष्ट गावाला माहीत होती.

रेमों गेल्यावर डॉरीन स्वयंपाकघरात भांडी विसळत पाठमोरी उभी राहिली.

"काय म्हणाला तो? नीट सांग. सगळं."

केनेथनं सगळं सांगितलं. गुलाबांचं शेवटी सांगितलं.

"जूनमधे गुलाब हलवले तर मरतात, केन."

"माहीत आहे."

"ते पुस्तक माझं होतं," ती म्हणाली. "पण फावडं तुझं होतं." मग नळ बंद केला आणि हात पुसत बाहेर गेली. दहा गुलाब तिनं स्वतः काढले, केनेथला हात लावू दिला नाही. कुंड्यांत लावून कोठारामागं सावलीत ठेवले. त्यातले सात गेले.

मग सुरू झालं उलटं काम. केनेथ पुन्हा साडेआठला शिडीवर. चार उन्हाळे जे भरलं ते आता उकरायचं. आणि हात सुबक असल्याचं पाप असं, की एक सांधा पोकळ नव्हता. सिमेंट दगडापेक्षा टणक झालेलं. छिन्नी मारली की ठिणगी उडायची, सिमेंट तसंच, दगडाचा टवका निघायचा. दिवसाकाठी दोन हात रुंद आणि दोन हात उंच एवढा तुकडा मोकळा झाला तर खूप. उजव्या हाताची बोटं सकाळी उघडेनात. डॉरीन ती कोमट पाण्यात धरायची आणि एकेक सरळ करायची. काढलेल्या सांध्यात बोट घातलं की आतली माती थंड लागायची, ओली, जुलैच्या भर उन्हातसुद्धा.

ओदिल बाकड्यावर बसलेली असायची.

"आता काय म्हणता मादाम?" एकदा केनेथनं वरून विचारलं. "स्वच्छ?"

"घाण दिसतंय," ती म्हणाली. "बरं झालं."

ऑगस्टअखेर तो खिडकीच्या चौकटीपर्यंत आला आणि थांबला. गवत कापून झालं होतं. पावाच्या गाडीवर निरोप गेला. उलटा निरोप आला: येतो म्हणाला. सप्टेंबरमधे रेमों कुणाचं तरी बटाट्याचं काम, कुणाच्या तरी चर्चच्या पायऱ्या, कुणाचा तरी दफनविधी यांत होता. केनेथ स्वतः त्याच्या घरी गेला, गाडीनं नऊ किलोमीटर. बहीण दारात आली. "आत्ताच गेला." दुसऱ्यांदा गेला. "आत्ता येईलच, बसा." तो दोन तास बसला, तिनं त्याला अक्रोड फोडून दिले, रेमों आला नाही. दुसरा गवंडी बघावा म्हणून त्यानं शहरातून एकाला आणलं. त्यानं भिंत बघितली, गाडीतून उतरलासुद्धा नाही, काचेतूनच मान हलवली.

"आपण काहीतरी करायला हवं," डॉरीन म्हणाली.

"काय?"

खाली हात लावायचा नाही असं सांगितलेलं. वर हात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. केनेथला आयुष्यात पहिल्यांदा सकाळी साडेआठला कुठं जायचं ते कळेना. तो उठायचा, कपडे करायचा, बूट घालायचा आणि भिंतीसमोर उभा राहायचा. एकदा त्यानं भिंतीला कान लावला. आत काहीतरी चालू होतं. कणगीच्या तळाला भोक पडल्यावर धान्य ओघळतं ना, तसा बारीक आवाज. थांबायचा, परत यायचा. माती आतल्या आत खाली सरकत होती. त्यानं डॉरीनला बोलावलं नाही.

ऑक्टोबरमधे पाऊस लागला. पश्चिमेचा, आडवा, सरळ भिंतीच्या तोंडात. वरचे सांधे मोकळे, पाणी आत; खालचे सांधे सिमेंटनं बंद, पाण्याला बाहेर यायला वाट नाही. केनेथनं ताडपत्री आणली, शिडीवर चढून वरच्या वाशांना बांधली. वाऱ्यानं ती फाडली. परत बांधली, परत फाडली. तिसऱ्यांदा डॉरीननं शिडी धरली आणि म्हणाली, "उतर खाली. भिंत पडली तर पडली. तू पडलास तर मी तुला त्या भाषेत हॉस्पिटलला कसं सांगू?"

नोव्हेंबरातला सँ मार्तँचा सण झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी रेमों आला. ठरल्यासारखा आला, जणू हीच तारीख कुठंतरी लिहिलेली होती. हातोडी काढली, पोटावर एकदाच टेकवली, ऐकलं आणि परत खिशात ठेवली. बाकीची भिंत त्यानं तपासलीच नाही.

"पलंग बाहेर काढा," तो म्हणाला.

"आज?"

"आत्ता. आन त्या खोलीत कुनी जायचं न्हाई."

"मी उशीर केला का?" केनेथनं विचारलं. "तुम्ही उशीर केला का?" दुसरा प्रश्न त्यानं जरा हळू विचारला.

रेमोंनं खांदे उडवले. त्याला राग आला नाही. "शिमिट काढलं नसतंस तर छप्पर घिऊन पडली आस्ती. काढलंस, तर आता नुसती पडंल. मी भादव्यात आलो आसतो तर... काय म्हाईत. मातीचं कुनाला कळतं?"

दुपारपर्यंत त्यानं कोठारातून चेस्टनटच्या लाकडाचे तीन सोट ओढून आणले आणि छपराच्या तुळयांखाली आतून धिरे दिले. केनेथ सांगेल ते धरत होता. "सोड" म्हटलं की सोडायचा. महापौर, म्हणजे इथला सरपंच, येऊन गेला, दारावर कागद चिकटवून गेला, की या घरात राहू नये. ओदिलनं तिची मागची खोली झाडून दिली. डॉरीननं दोन पेट्या, किटली आणि तीन गुलाबांच्या कुंड्या नेल्या.

आणि मग वाट बघणं. माणूस मरणार हे ठरलं की जसे नातेवाईक जमतात, तशी वस्ती जमली. ओदिलच्या बाकड्याशेजारी खुर्च्या आल्या. कुलपातल्या घरांचे मालकसुद्धा शहरातून चक्कर टाकून गेले. पहिल्या दिवशी भिंत पडली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी एक दगड निघाला, घरंगळत येऊन रिकाम्या वाफ्यात थांबला, आणि सगळ्यांनी एकदम 'आ' केलं.

"काय वं मुस्यो," ओदिल म्हणाली, "हिला बी टाइमटेबल लावून द्या की. म्हातारीची पाठ धरली बसून बसून."

केनेथ हसला. त्यालाही आश्चर्य वाटलं, पण हसला. मनातल्या मनात त्याला वाटायचं, पडावी एकदाची. मग लगेच वाटायचं, न पडो. दोन्ही गोष्टींना त्याच्या वाटण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पाचव्या दिवशी बारा वाजले आणि रस्त्यावरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. बाराला जेवायचं म्हणजे बाराला. राजा मेला तरी इथं जेवणानंतर मरतो. ओदिलनं केनेथ, डॉरीन आणि त्या दिवशी धिरे बघायला आलेला रेमों यांना सूप वाढलं. लीक आणि बटाट्याचं, वर पावाचे जाड तुकडे. केनेथनं चमचा उचलला आणि बाहेर कुणीतरी दगडांची गाडी पालथी केली. एकदाच. लांबलचक. मग बारीक खडे पडत राहिले, मग तेही थांबलं.

केनेथ उभा राहिला. चमचा हातातच.

"बस," रेमों म्हणाला. "सूप निवंल."

"पण..."

"पडली ती पडली. पळून न्हाई जात आता."

पाच दिवस सगळी वस्ती टक लावून बसली होती, आणि पडताना एकानंही पाहिलं नाही. केनेथ बसला. डॉरीन सूप पीत राहिली, खाली बघून, एकेक चमचा. पावाचा शेवटचा तुकडा पुसून खाल्ल्यावर रेमोंनं टोपी घातली आणि चौघं रस्ता ओलांडून गेले.

छप्पर उभं होतं, तीन काठ्यांवर टेकलेल्या म्हाताऱ्यासारखं. भिंत नव्हती. तिच्या जागी ढीग होता, ओला, पिवळा, त्यातून अजून वाफ निघत होती. वरची खोली उघडी पडली होती, अख्ख्या वस्तीला दिसेल अशी: निळ्या फुलांचा कागद, आरसा, दाराच्या खुंटीला डॉरीनचा गाऊन. वाऱ्यानं तो हलत होता. शेजारचे तोंड पुसत पुसत येऊन उभे राहिले आणि कुणी वर बघितलं नाही. एवढी लाज त्यांनी राखली.

"मी आणतो," केनेथ म्हणाला.

"अजिबात जायचं नाही वर," डॉरीन म्हणाली. "लटकू दे." मग ती ओदिलला म्हणाली, तिला येत होत्या तेवढ्या शब्दांत, "थंडी. आत."

"चल बाई," ओदिल म्हणाली आणि तिला दंडाला धरून घेऊन गेली.

रेमों ढिगाभोवती फिरला. एका दगडावरची माती अंगठ्यानं पुसली, उलटा करून बघितला. "दगूड चांगलं हायती. फुटलं न्हाईत फार. मोठं एकीकडं, बारकं एकीकडं, चपटं वेगळं. माती झाकून ठेव, तीच लागंल."

"मग तुम्ही बांधाल?"

"वसंतात बघू."

"आणि तोपर्यंत?"

रेमोंनं छपराकडं बघितलं, धिऱ्यांकडं बघितलं. "बरफ लई पडलं न्हाई, तर ऱ्हाईल."

"आणि पडलं तर?"

रेमोंनं टोपी मागं सारली, परत पुढं ओढली.

केनेथनं कोठारातून एकचाकी गाडा आणला. ढिगातला पहिला दगड उचलला. दोन हातांत मावेल एवढा होता, पण ओल्या मातीनं जड झालेला. गाड्यात टाकला. दुसरा टाकला. चार झाले तसा गाडा ढकलत उताराकडं निघाला.

"थितं नको," रेमों मागून ओरडला. "थितनं परत वर आनाय लागतील."

केनेथनं गाडा वळवला आणि कोठाराच्या कडेला नेला.

"थितं बी नको. गाडी वळाय जागा ऱ्हाणार न्हाई."

"मग कुठं?"

रेमों अंगणात मधोमध उभा राहिला. एका बाजूला उतार, एका बाजूला कोठार, एका बाजूला रस्ता, चौथीकडं उघडं घर. तो बराच वेळ हनुवटी खाजवत राहिला.

"आसं कर," तो शेवटी म्हणाला, "जरा तसंच धर."

केनेथ गाड्याच्या दांड्या धरून उभा राहिला. वरून पुन्हा बारीक पाऊस सुरू झाला होता, पश्चिमेकडूनच.